मशरूम खाऊन जात जाते का?

अंबाजोगाईच्या एका प्राध्यापक सरांनी प्रश्न पाठवलाय. त्याचा गाभा असा: "सायकेडेलिक औषधं घेतली की माणूस उदारमतवादी होतो, त्याची हुकूमशाही वृत्ती कमी होते, असं संशोधन आहे म्हणे. आपल्याकडं मराठा-ओबीसी वाद पेटल्यापासून एका बाकावर बसून शिकलेली पोरं एकमेकांच्या हॉटेलात चहा प्यायला जाईनात. मग हे 'मीपण' विरघळवणारं औषध इथं काही कामाचं आहे का? पुढाऱ्यांच्या चहात टाकलं तर? हे अर्धं गमतीत विचारतोय. उरलेलं अर्धं गंभीर आहे, कारण पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा मित्रांबरोबर मशरूम खायला कोडाईकनालला जायचं म्हणतोय, आणि हे सगळं वाचन त्याचंच आहे."

सर, भाच्याचं शेवटी बोलू. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, समाजशास्त्रज्ञ नाही. पण मराठवाड्यात ओपीडी चालवायची म्हणजे जात, देव, शेती आणि कर्ज हे चारही विषय केसपेपरवर येतातच, त्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही औषधं माणसाची मूल्यं सैल करतात, त्यांना दिशा देत नाहीत. दिशा येते ती सोबतच्या माणसांकडून, त्या खोलीतून, आणि आधीपासून डोक्यात जे असतं त्यातून.

आता औषधं कोणती ते बघू, कारण आपल्याकडं सगळ्यालाच 'नशा' म्हणतात. सायकेडेलिक म्हणजे एलएसडी (पोरं 'स्टॅम्प' किंवा 'पेपर' म्हणतात), मॅजिक मशरूममधलं सायलोसायबिन, मेस्कलिन, डीएमटी. ही मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ५-एचटी-२ए नावाच्या रिसेप्टरवर काम करतात. दारू आणि गांजाचा रस्ता वेगळा आहे. आणि धोतऱ्याचा तर फारच वेगळा. महाशिवरात्रीला औंढ्याला, परळीला, वेरूळला पिंडीवर वाहतात त्या धोतऱ्याचं बी खाल्लेली माणसं कॅज्युअल्टीत येतात. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, हवेतले धागे वेचत बसलेली, बायकोला ओळखत नाहीत, आणि शुद्धीवर आल्यावर काही म्हणता काही आठवत नाही. त्यात साक्षात्कार नसतो, विषबाधा असते. नेटवर कुणी 'आपलं देशी सायकेडेलिक' म्हणून धोतरा खपवत असेल तर त्याला हे दाखवा.

तुमच्या भाच्यानं वाचलेलं संशोधन खरं आहे. २०१७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ८९३ लोकांची ऑनलाइन पाहणी छापली. ज्यांनी आयुष्यात सायकेडेलिक्स जास्त घेतली होती ते जास्त उदारमतवादी, निसर्गाशी जास्त जोडलेले आणि कमी हुकूमशाही वृत्तीचे दिसले. पुढच्या वर्षी त्याच गटातून दुसरा लेख आला. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ७ रुग्णांना सायलोसायबिन दिलं होतं, त्यांची हुकूमशाही वृत्ती काही महिन्यांनंतरही कमीच राहिली होती. तुलनेला ७ निरोगी लोक होते. बातम्यांमध्ये 'मशरूम हुकूमशाही घालवतं' असं जे फिरतं, त्याच्या मुळाशी हे ७ रुग्ण आहेत. आमच्याकडं सोमवारी बाजाराच्या दिवशी एका तासात याहून जास्त पेशंट होतात.

शिवाय त्या रुग्णांचं नैराश्य उतरलं होतं. नैराश्य उतरलं की माणूस जगाकडं वेगळ्या नजरेनं बघतोच. साध्या गोळ्यांवर बरा झालेला शेतकरीही सहा महिन्यांनी येऊन म्हणतो, "डॉक्टर, त्या भावकीच्या बांधाचं जाऊ द्या आता." त्याला कुणी मशरूम दिलेलं नसतं.

पाहणीतल्या त्या ८९३ जणांचा प्रश्न वेगळा. एलएसडी कोण घेतं? साठच्या दशकात अमेरिकेत ही औषधं व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या, लांब केस ठेवणाऱ्या पिढीची खूण झाली होती. जो मुळातच चाकोरीबाहेर जायला तयार आहे तोच बंदी घातलेलं औषध तोंडात टाकतो. मग तो आधीच उदारमतवादी होता की औषधानं झाला, हे पाहणीतून कसं कळणार? आणि मोजमापाचीही गंमत आहे. त्या प्रश्नावल्या पाश्चात्त्य डाव्या-उजव्या हिशोबानं बांधलेल्या. आपल्याकडचा माणूस त्या मापात बसत नाही. तो आरक्षणाच्या मोर्चात पुढं असतो, माळकरी असतो, गावच्या उरुसात दर्ग्यावर चादर चढवतो आणि पोरीनं जातीबाहेर लग्न केलं तर तोंड बघत नाही. हा उदार की सनातनी? आणि 'तुम्हाला निसर्गाशी नातं वाटतं का' हा प्रश्न गेवराईच्या कापूसवाल्याला जूनमध्ये विचारून बघा, काय उत्तर येतंय.

मला जास्त मोलाचा वाटतो तो झुरिकचा प्रयोग, तोही २०१७ चाच. निरोगी लोकांना सायलोसायबिन देऊन दोन गोष्टी तपासल्या: दुसऱ्याचं दुःख किती आतून जाणवतं, आणि नैतिक पेचात निर्णय काय घेतात. दुःख जास्त जाणवू लागलं. निर्णय मात्र होते तसेच राहिले. कालवाकालव वाढली, न्याय वाढला नाही. ओपीडीत बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. ढसाढसा रडणारे सासरे मी पाहिलेत, सून गेल्यावरही हुंड्यातली मोटारसायकल परत न करणारे.

एक उलटं उदाहरणही सांगतो. २०१० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी लोकांना सिटालोप्रामचा एक डोस दिला. ही साधी नैराश्याची गोळी आहे, तिची धाकटी बहीण एस्सिटालोप्राम आम्ही रोज लिहितो. 'पाच जणांना वाचवायला एकाला आपल्या हातानं ढकलून मारायचं का' अशा प्रश्नांना त्या लोकांनी जास्त वेळा नकार दिला. म्हणजे मूल्यांना हात लावणारं रसायन फक्त जंगलातून येतं असं नाही. ते लातूरच्या मेडिकलवर चिठ्ठीवर मिळतं, आणि त्यानं अजून कुणाचा पक्ष बदललेला मी पाहिला नाही.

मेंदूत होतं काय, तर २०१९ साली मांडलेली एक कल्पना सध्या बरीच मानली जाते. मेंदू सतत अंदाज बांधत असतो: मी कोण, समोरचा कोण, जग कसं. वर्षानुवर्षांत हे अंदाज घट्ट होतात. सायकेडेलिक औषधानं त्यांची पकड काही तास ढिली होते. मी हे नातेवाइकांना वाफशाच्या भाषेत सांगतो. उन्हाळभर तापून भेगाळलेलं काळं रान चांगल्या पावसानंतर वाफशावर येतं. आता त्यात सोयाबीन टाकलं तर सोयाबीन उगवेल, आणि काहीच टाकलं नाही तर गाजरगवत तर आहेच. म्हणून 'कोण पेरतंय' हा खरा प्रश्न. इम्पीरियल कॉलेजनंच निरोगी लोकांवर दाखवलंय की एलएसडीच्या अंमलाखाली माणूस जास्त सूचनाक्षम होतो, म्हणजे समोरच्यानं सुचवलेलं चटकन खरं मानतो. समोरचा उदारमतवादी थेरपिस्ट असेल तर एक होईल. दुसरा कुणी असेल तर?

तो दुसरा कुणी इतिहासात होऊन गेलाय. १९६९ च्या कॅलिफोर्नियातल्या हत्याकांडामागचा चार्ल्स मॅन्सन आपल्या टोळीला वारंवार एलएसडी द्यायचा. जपानचा ओम शिनरिक्यो पंथ तर स्वतःच एलएसडी तयार करायचा आणि दीक्षेत भक्तांना पाजायचा. त्याच पंथानं २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन वायू सोडला. 'मीपण' तिथंही विरघळलं होतं. फक्त ते मानवजातीत विरघळायच्या ऐवजी गुरूत विरघळलं.

आणखी मागं जा. दिएगो दुरान या स्पॅनिश धर्मगुरूच्या सोळाव्या शतकातल्या नोंदींत मेक्सिकोतल्या अझ्टेक राजाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यात मशरूम खाल्ल्याचं वर्णन आहे, नरबळींच्या रक्ताशेजारीच. साम्राज्याचा उत्सव तो, समतेचा नव्हे. उलट मेक्सिकोच्याच वाहाका भागात मारिया साबिनासारखी माझातेक जमातीची बाई त्याच जातीची मशरूम आजाराचं कारण शोधायला, रुग्णाला बरं करायला वापरायची. ब्राझीलच्या एका रबर गोळा करणाऱ्या कामगारानं १९६१ साली काढलेला 'युनियाओ दो वेजेताल' हा पंथ आजही आयावास्का (डीएमटी असलेला वनस्पतींचा काढा) पितो. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या, गणवेश ठरलेला, कुटुंब आणि शिस्त सगळ्यात वर. आपल्याकडच्या एखाद्या कडक संप्रदायात तो शोभून दिसेल. स्वतः एलएसडी शोधणाऱ्या आल्बर्ट हॉफमनबरोबर ते घेणारा जर्मन लेखक अर्न्स्ट युंगर हा तर जुना कडवा राष्ट्रवादी. औषध एकच, आणि त्यातून निघालेल्या माणसांचं राजकारण बघा किती तऱ्हेचं.

आपल्याकडं बिनऔषधाची बदललेली अवस्था प्रत्येक तालुक्यात बघायला मिळते, अंगात येण्याची. नवरात्रात एका देवीच्या ठाण्यावर पाहिलेलं सांगतो. संबळ घुमत होता, आराधी बायका बसलेल्या, आणि एक पंचविशीतली सून घुमायला लागली. केस सुटले, मळवट पसरला. सासू पुढं आली, पदर पसरून म्हणाली, "काय चुकलं माय, सांग." देवीनं सांगितलं: परडी भरली नाही, नवस राहिला, आणि "ह्यानं बाटली सोडावी". 'ह्यानं' म्हणजे नवऱ्यानं. नवरा मान खाली घालून उभा. सगळे पाया पडले, सासूसुद्धा. एरवी सासूपुढं तोंड न उघडणाऱ्या बाईला पाऊण तास घराचं सरन्यायाधीशपद मिळालं. पण निकाल बघा: दोन कलमं जुन्या रीतीची, एक तिच्या स्वतःच्या हिताचं. 'मला माहेरचं शिक्षण पूर्ण करू द्या' असं देवी म्हणाली नाही. ज्या समाजात जे मागणं मान्य होऊ शकतं, त्याच्या एखादं बोट पुढंच ती गेली. बदललेली अवस्था गावाच्या मूल्यांना थोडं वाकवते, मोडत नाही. माझ्या पेशंटांपैकी ज्यांच्या अंगात येतं, त्यांच्या बाबतीत मी 'हे खोटं' असं कधी म्हणत नाही. देवी काय मागते ते मात्र नीट ऐकतो, कारण औषधापेक्षा जास्त माहिती त्यात असते.

आता तुमचा मुख्य मुद्दा, जात. 'सगळे एकच आहेत' हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे एकनाथ; हा अनुभव याच मातीत पिकला, आणि आजही सप्ताहात टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस शेजारच्याच्या पाया पडून त्याला 'माऊली' म्हणतो. त्या क्षणी ते खोटं नसतं. पण चोखोबांना मात्र पायरीपाशीच ठेवलं, आणि पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. एकत्वाची अनुभूती शेकडो वर्षं होती, दार बंदच होतं. दाराला उपोषण लागलं, गावोगाव दौरे लागले, सह्या लागल्या.

मराठवाड्यात तर आपण डोळ्यांनी पाहिलंय. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं मेली, लाँग मार्च निघाले. ज्यांची मनं पालटली ती वसतिगृहात एका खोलीत राहून, औरंगाबादच्या मिलिंदसारख्या कॉलेजात एका वर्गात बसून, कायद्याच्या धाकानं आणि पोटापाण्याच्या गरजेनं पालटली. हळू, कुरकुरत, अर्धवट. सहा तासांच्या ट्रिपमध्ये हे व्हायचं नाही.

आणि ज्यांनी औषधानं हे करून बघितलं त्यांचा हिशोबही उपलब्ध आहे. हार्वर्डच्या टिमोथी लिअरीच्या गटानं १९६१ ते ६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉंकर्ड तुरुंगातल्या कैद्यांना सायलोसायबिन दिलं आणि पुन्हा तुरुंगात येणाऱ्यांचं प्रमाण खूप घटलं असा डंका पिटला. १९९८ मध्ये रिक डॉब्लिन यांनी जुनी कागदपत्रं काढून पडताळलं, तर तो फरक टिकला नाही. तुलनाच चुकीच्या काळाची केली होती. डॉब्लिन हे या औषधांचे विरोधक नव्हेत, जगातले सगळ्यात मोठे पुरस्कर्ते आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं मी जास्त मानतो. त्यांचा निष्कर्ष असा, की सुटल्यानंतर आधार देणारी व्यवस्था नसेल तर नुसत्या औषधी अनुभवावर भिस्त ठेवता येत नाही.

चहात टाकायच्या गमतीबद्दलही एक वाक्य. अमेरिकेच्या सीआयएनं १९५३ पासून नेमकं तेच केलं, न सांगता लोकांना एलएसडी पाजलं. त्यांच्याच कामाशी जोडलेला फ्रँक ओल्सन हा शास्त्रज्ञ असं पाजल्यानंतर काही दिवसांत हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. संमती घेऊन दिलं तरी पेच आहेच: औषधानं तुमची श्रद्धा, तुमचं राजकारण सरकू शकतं, हे रुग्णाला आधी सांगायचं की नाही? मी म्हणतो सांगायचंच. वारकरी घरातल्या माणसाला नैराश्य घालवायचंय. त्याची माळही गेली तर ते साइड इफेक्टच्या यादीत असायला हवं होतं, असं तो म्हणू शकतो.

आता भाचा. त्याला घाबरवू नका, पण ही हकिकत सांगा. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. एका तालुक्याच्या गावचा पोरगा, हुशार, बाहेर शिकायला. मित्रांबरोबर मशरूम खाल्ली. बाकीचे दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले. हा मात्र घरी आला तो झोपलाच नाही. चुलत्यानं आणलं तेव्हा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, चार दिस झाले पोरगं झोपंना. रातभर बोलायलंय. म्हणतंय दोन्ही समाजाचं भांडण मीच मिटवणार, मला आदेश आलाय." आधी त्याला बाहेरचं समजून उतारा झाला होता. पोरगा माझ्यासमोर बसून अगदी प्रेमानं बोलत होता, सगळ्यांना मिठ्या मारत होता. दोन समाजांच्या पुढाऱ्यांना रात्री तीन वाजता फोन लावून झाले होते. आणि चुलत्यानं "गप बस" म्हटल्याबरोबर त्यानं स्टूल उचललं. मूल्यांचा प्रश्न असा होता की 'सगळे एक' हे त्याला खरंच जाणवत होतं, आणि त्याच एकत्वाच्या आड जो येईल त्याला मारायची तयारीही होती. खोदून विचारल्यावर कळलं, आजोबांना 'वेडाचा झटका' येऊन गेला होता. बायपोलर (कधी टोकाची तेजी, कधी टोकाचं नैराश्य आणणारा आजार) घराण्यात होता, पोराला ठाऊकच नव्हतं. औषधं सुरू केली, काही आठवड्यांत उतरलं, वर्ष मात्र वाया गेलं.

तेव्हा भाच्याला आधी घरातला इतिहास सांगा. आपल्याकडं लग्न मोडेल म्हणून आत्या, मामा, आजोबांचे आजार झाकलेले असतात, ते आता उघडा. रक्तात बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर या वाटेला जायचंच नाही. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असणाऱ्यांना या औषधांबरोबर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. चालू असलेल्या नैराश्याच्या गोळ्या 'ट्रिप लागावी' म्हणून परस्पर बंद करणारी पोरं मी पाहिलीत, तो दुहेरी धोका.

कायदा तर स्पष्ट आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्ही आहेत. एलएसडीची व्यावसायिक मात्रा अवघी ०.१ ग्रॅम, त्याहून जास्त सापडली तर किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि जामीन मिळणं महाकठीण. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन लिहायची मुभा दिली, हे तो सांगेलच. ती मुभा दवाखान्यातली आहे, कोडाईकनालच्या लॉजवरची नाही. त्याला खरंच नैराश्य असेल, आणि एवढं वाचन करणाऱ्या पोरांत ते बरेचदा असतं, तर पुण्यात त्याला चांगला डॉक्टर मिळेल. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि जाता जाता त्याला एवढं विचारा, की कोडाईकनालला जाणाऱ्या त्या पाच-सहा मित्रांत दुसऱ्या जातीचा कोण आहे.